टाचणीचा आवाज

तांदळेबाईंच्या तिसरीत त्या दिवशी नुसता कल्ला चालला होता. मुलं आपापल्या वितीने फळा मोजत होती. एकाचं माप बारा वीत, तर दुसऱ्याचं चौदा, म्हणून सगळी हमरीतुमरीवर आली होती. नेमके तेव्हाच विस्तार अधिकारी दिघोळेसाहेब तपासणीला दारात उभे राहिले. मागे केंद्रप्रमुख उगलेसर होतेच.

"हा वर्ग आहे की मासळीबाजार?" साहेब कडाडले. "परवाच्या प्रशिक्षणात 'आनंददायी वर्ग' या विषयावर तीन तास घसा कोरडा केला मी! टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे, त्याला वर्ग म्हणतात. आणा ते शेरेबुक. असा शेरा मारतो की तुमची बदली ठरलेलीच!"

बाईंनी शेरेबुक पुढे केलं, वर पेनाचं टोपणही काढून दिलं.

"जरूर लिहा साहेब. फक्त आधी मुलांना विचारा, मापं वेगळी का आली?"

साहेबांनी विचारलं.

"हात लहानमोठे आहेत ना!" अख्खा वर्ग ओरडला. "म्हणून तर पट्टी लागते!"

"आता शांत वर्गाचंही बघू या," बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या. "परवा आम्ही ऐंशी शिक्षक तुमच्यासमोर चिडीचूप बसलो होतो. उगलेसर तर पहिल्याच रांगेत होते. तुम्ही काय शिकवलंत, ते त्यांना विचारा."

साहेब ऐटीत वळले. "सांगा हो, उगले!"

उगलेसरांनी घाम पुसला, छताकडे पाहिलं.

"साहेब... जेवणात श्रीखंड होतं."

शेरेबुकात त्या दिवशी एकच ओळ पडली: 'वर्गातला आवाज समाधानकारक.'