बालेशाबाबांचा चुन्याचा चौकोन

“मग एवढी जागा फुकट का घालवता, बाबा?”

डॉक्टर हुद्दारांनी बुटाचं टोक चुन्याच्या रेघेपाशी नेलं. रेघेवर नाही, पाशी. माणूस शहाणा होता, हे आधीच सांगून टाकतो. सुईवाले डॉक्टर नव्हेत, समाजशास्त्राचे.

बालेशाबाबा चुन्याच्या फक्कीची पाटी खाली ठेवून हात झटकत होते. आमच्या कुसळगावच्या बाजारात हा म्हातारा फकीर दर मंगळवारी सकाळी एकच काम करतो. मैदानाच्या मधोमध फक्कीचा चौकोन आखतो. चार हात लांब, चार हात रुंद. मग शेजारच्या चिंचेच्या पारावर जाऊन बसतो. चौकोन कुणाच्या नावावर नाही. बहुतेक मंगळवारी तो रिकामाच असतो.

माझं दोरखंडाचं दुकान समोरच. जे झालं ते या दोन कानांनी ऐकलंय.

बाजार हलायचा होता. एसटी स्टँडमागे पंचायतीनं नवी जागा काढली होती, तिथं ओटे बांधायचे होते आणि आराखडा डॉक्टरांचा. चार वाजता ग्रामसभा. बाजारात बाबांचा शब्द कुणी मोडत नाही, म्हणून सरपंच भर चावडीत बोलून बसले होते, “बालेशाबाबांचा अंगठा आला तर बाजार हलेल. नाहीतर मैदान सोडायला कुणाला सांगणार नाही.” आम्ही दोनशे दहा दुकानदार, आणि सगळ्यांची पोटं त्या एका अंगठ्याला टांगलेली.

डॉक्टरांनी पारावर कागद पसरला. चादरीएवढा.

“मला वाचता येत नाही,” बाबा म्हणाले.

“मी सांगतो ना. विचारा काहीही.”

“मिरचीवाल्या?”

“पूर्वेच्या टोकाला. दुपारी वारा पश्चिमेचा असतो. ठसका कुणाला लागायचा नाही.”

“मालन आणि तिची जाऊ?”

“शेजारी, पण पाठीला पाठ. बोलणं नाही, पण मान वळवून एकमेकींच्या ढिगावर नजर ठेवतात.”

“बरोबर लिवलंय हो सायबांनी!” मालनबाई कांद्याच्या ढिगामागून ओरडली. जावेनं नाक मुरडलं. आम्ही हसलो.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. मी चौथी नापास. पुढं जे शिकलो ते पुडीच्या कागदांवरून. पण आपला बाजार असा कुणी वाचलेला पाहिला नव्हता. आमच्या भांडणांनासुद्धा त्या कागदावर आकडा होता!

“दोनशे बारा ओटे,” डॉक्टर म्हणाले. “कागदाचा बोटभर कोपरा वाया घालवलेला नाही, बाबा. समासातसुद्धा नोंदी आहेत.”

“दुकानं तर दोनशे दहा.”

“तुमच्या चौकोनाचे दोन ओटे केले. एकशे सात आणि एकशे आठ. एक चहावाल्याला, एक मोबाइल दुरुस्तीवाल्याला.”

बाबांनी चौकोनाकडं पाहिलं.

डॉक्टरांना वाटलं, म्हातारा दुखावला. आवाज मऊ करून म्हणाले, “असं बघा. लोकांना वाटतं जागा म्हणजे भांडं आणि समाज म्हणजे त्यात ओतलेलं पाणी. मी वीस वर्षं हेच खोडून काढतोय. जागा माणसांच्या नात्यांनी बनते. नाती उचला, दुसरीकडं ठेवा, बाजार तिथं उभा राहतो.”

“आणि चौकोन?”

“तिथं कुणी बसत नाही. म्हणजे नातं नाही. नातं नाही, म्हणजे ती जागाच नाही.”

“वा,” बाबा म्हणाले. मनापासून म्हणाले. “किती मंगळवार आलात हे बघायला?”

“सात.”

“उभे राहून?”

“नाही, घडीचं स्टूल असतं माझं.”

“पहिल्या मंगळवारी कुठं मांडलंत?”

डॉक्टर हसले. “पहिल्यांदा यांच्या कांद्याशेजारी. यांनी हाकललं.”

“हाकलणारच!” मालनबाई म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या वाटेत बसलावता तुमी.”

“मग बांगडीवाल्याजवळ. त्यानं तर स्टूलच उचलून बाजूला ठेवलं. या दोरखंडवाल्या शेटजींनी गोड बोलून उठवलं.”

मी दोरखंडाचं वेटोळं उगाच सरळ करू लागलो.

“आणि मग?”

“मग... मोकळं दिसलं तिथं बसलो. तिथं कुणी काही बोललं नाही. सातही मंगळवार तिथंच. उलट तिसऱ्या मंगळवारी यांनीच मला भाकरी दिली.”

“मग? उपाशी ठेवायचं व्हय माणसाला?” मालनबाई म्हणाली.

“कागदावर दाखवा की, कुठं बसला होतात.”

डॉक्टरांचं बोट कागदावर उतरलं. दोरखंडाच्या ओट्यापाशी गेलं, मालनबाईच्या ओट्याला वळसा घालून पुढं सरकलं... आणि थांबलं.

एकशे सात.

बोट तिथंच राहिलं. डॉक्टरांनी मान वळवून खालच्या चौकोनाकडं पाहिलं. फक्की अजून ताजी होती. परत कागदाकडं पाहिलं.

“अगं बाई!” मालनबाईनं कपाळाला हात लावला. “मी नवी आले तवा पयल्या मंगळवारी तिथंच बसलेवते की!”

पलीकडून जाऊ म्हणाली, “मीबी.” अकरा वर्षांत ती मालनबाईशी बोललेला तो पहिला शब्द.

मी सुंभाच्या दोन गुंड्या घेऊन या गावात उतरलो, त्याला चाळीस वर्षं झाली. तो मंगळवार कुठं गेला, हे माझं मला ठाऊक.

चौकोनावरून एक शेळी चालत गेली.

“म्हणजे तुम्ही अंगठा देणार नाही,” डॉक्टर म्हणाले. आवाजात अजून ताठा होता, पण नजर रेघेवरून हलत नव्हती. “चार वाजता मी सभेत काय सांगू?”

“नाही कसा? देतो की. एवढी मेहनत केलीत.”

बाबा पारावर सरसावून बसले. डॉक्टरांची शाईची डबी उघडून त्यांनी अंगठा बुडवला. चांगला काळाभोर केला. कागदावर नेला. या कोपऱ्यात, मग त्या कोपऱ्यात, मग समासाच्या कडेकडेनं, कुठंच न टेकवता...

मग अंगठा तसाच वर धरून त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं.

“तेवढी कुठं रिकामी जागा असली, तर दाखवा.”