फांदीवरचा कावळा

एका उघड्या माळाच्या कडेला एकदा एक वृद्ध चित्रकार राहत असे. तो फक्त पक्षी काढी. तेही असे, जे दर वर्षी थोडे अधिक दुर्मीळ होत चालले होते. त्याच्याकडे एक मुलगी चित्रकला शिकायला येई. ती फारशी बोलत नसे. पण एकदा पाहिलेले पिसाचे वळण ती विसरतही नसे.

त्या माळावर एके काळी पुष्कळ माळढोक होते. आता एक नर आणि एक मादी एवढेच उरले होते. मादीने नुकतेच अंडे घातले होते. उघड्या जमिनीवर, गवताच्या दोन झुबक्यांमध्ये, मातीच्याच रंगाचे एकुलते एक अंडे. ते कुठे आहे हे गुरूला आणि मुलीलाच ठाऊक होते.

गुरूचा एक नेम होता. पक्षी काढायचा तर आधी दूर कुठेतरी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचे. त्याला काय दिसते ते पाहायचे, आणि मगच तो कसा दिसतो ते. मुलगी हा नेम मनापासून पाळी. गवतात बसून बसून तिच्या परकराला कुसळे चिकटत आणि घरी आईची बोलणी खावी लागत.

गावात एक व्यापारी होता. देवभीरू, सढळ हाताचा, आणि तो माळ त्याच्याच मालकीचा. त्याने गावासाठी वाचनालय बांधले होते, आणि त्याच्या भिंतीवर त्याला माळढोकाचे मोठे चित्र हवे होते. गुरूने ते काम मुलीला दिले. तिचे हे पहिलेच मोठे चित्र. रात्री डोळे मिटले तरी तिला ती भिंत दिसे.

तिने पक्षी अगदी हुबेहूब उतरवला. पांढरी उंच मान, माथ्यावरची काळी टोपी, सावध पाय. पण मागे होते काय? पिवळे गवत आणि आभाळ. एवढ्या थोरल्या भिंतीवर हे ओकेबोके दिसेल, असे तिला वाटू लागले. माळावर पुन्हा न जाता, घरच्या मेजाशी उभ्या उभ्याच तिने पक्ष्याच्या मागे एक डेरेदार कडुनिंब काढला. चित्र भरून आले.

व्यापारी चित्र पाहायला गुरूकडे आला तो पाहतच राहिला.

"वा, पोरी! बिचारा उन्हात उभा आणि मागं कशी गार सावली! बाबा, मी सांगतो तुम्हाला, मला आज बुद्धी झाली. तो माळ नुसता ओसाड पडलाय. पाऊस तोंडावर आलाय. सबंध माळावर झाडं लावतो. अगदी या चित्रासारखी! पाखरांचा दुवा मिळेल. उद्याच माणसं पाठवतो खड्डे खणायला."

मुलीच्या चेहऱ्यावर आलेले हसू तिथेच थिजले. गवताचे ते दोन झुबके तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्यांच्याकडे येणारी कुदळी घेतलेली माणसे. तिने गुरूकडे पाहिले. तो उठून चित्रापाशी गेला.

तो म्हणाला, "पोरी, पक्ष्याच्या पायाशी त्याचं अंडं काढ."

मुलीने अंडे काढले. मग गुरूने कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि कडुनिंबाच्या फांदीवर एक कावळा काढला. मान वाकडी करून खाली पाहणारा.

"अहो बाबा!" व्यापारी ओरडला. "चांगल्या चित्राचा विचका केलात की! वाचनालयात कावळा लावू मी? लोक म्हणतील, शेठनं श्राद्ध घातलंय!"

"शेठजी, कावळा मी नाही आणला," गुरू शांतपणे म्हणाला. "झाडानं आणला."

व्यापारी चित्राकडे वाकला. कावळा कुठे पाहतो आहे, हे आता त्यालाही दिसले.

गुरू म्हणाला, "हा पक्षी जड आहे. चटकन उडत नाही. त्याला घरटं नाही, आडोसा नाही. चहूकडचं लांबवर दिसणं, हीच त्याची भिंत. कोल्हा दिसला, कुत्रं दिसलं, की वेळेवर सावध होतो. तुम्ही त्या भिंतीला भोकं पाडायला निघालात, तेही पुण्य म्हणून."

"पण रोपं तर वीतभर असतात. त्यांवर कावळा कधी बसणार?"

"रोप आलं की कुंपण आलं, कुंपणाला खांब आला. कावळ्याला खांबही पुरतो. आणि पाणी घालणारी माणसं रोज फिरायला लागली, तर ती मादी अंड्यावर बसेल कशी? एवढं एकच अंडं आहे, शेठजी. आपल्याला जिथं काहीच दिसत नाही, तिथं तिचं सगळं आहे."

व्यापाऱ्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"मग मी लावू तरी काय तिथं?"

"काही लावू नका. राखा. मेंढरांची वाट तेवढी पावसाळाभर दुसरीकडून वळवा."

"म्हणजे काहीच करायचं नाही," व्यापारी खिन्न हसला. "आणि पाटी कशावर लावू? अमक्या शेठनं काहीही केलं नाही, अशी?"

"तशी पाटी लावणारे तुम्ही पहिले व्हाल," गुरू म्हणाला.

व्यापारी निघाला. दाराशी थांबून, मागे न पाहताच म्हणाला, "उद्या माणसं येणार नाहीत. मेंढक्यांना मी स्वतः सांगतो."

तो गेल्यावर मुलीने इतका वेळ अडवून धरलेले रडू फुटले. "गुरुजी, झाड मीच काढलं. कागद रिकामा वाटत होता."

"तुला की त्या मादीला?" गुरूने विचारले.

मुलीने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी ती माळावर गेली आणि लांब अंतरावर, गवताइतकी खाली बसली. मग तिने नवा कागद घेतला. या वेळी पक्षी लहान होता, गवतात अर्धा बुडालेला. बाकी सारे चित्र म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेले उघडे रान. पक्षी लवकर काढून झाला. रान काढायला मात्र तिला पावसाळ्याचा बराच काळ लागला.

चित्र भिंतीवर लागले तेव्हा व्यापारी त्यासमोर उभा राहून म्हणाला, "यात पक्षी कुठाय?" आणि शोधता शोधता त्याची नजर त्या मोकळ्या रानावरून सावकाश फिरू लागली. पक्षी सापडला. त्याच्याजवळच्या गवतात आणखी एक इवलीशी मान होती.

"हे पिल्लू मनानं घातलंस?" त्याने विचारले.

"नाही," मुलगी म्हणाली. "पाहून."

आपण ज्याला रिकामे म्हणतो, ते भरायला निघण्यापूर्वी तिथे कोण राहते ते खाली बसून पाहावे.