प्रभुभोजनाचा चतकोर

गोदाकाठच्या दगडगावात शिमोनबाबा येत, ते फार तर चार दिवस राहत. त्या सुगीला मात्र महिनाभर राहिले. चर्चमागच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड म्हणजे एक घोंगडी, एक एकतारी आणि पवित्र शास्त्र. संध्याकाळी ख्रिस्ताचे कीर्तन करावे आणि दिवसा कुणाच्याही ओसरीवर बसून जे मिळेल ते खावे, असा त्यांचा शिरस्ता.

त्या मंडळीत एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे आणि त्यात मोडून सगळ्यांना वाटायची भाकर एकेका घराने द्यायची. जोंधळा घरचा, दळण घरच्या जात्यावरचे. उसने पीठ चालत नसे. सरूबाईला हा मान कधी मिळाला नव्हता. विधवा बाई, लोकांच्या रानात कापणीनंतर पडून राहिलेला सरवा वेचून पोट भरणारी. मंडळीचे पंच इस्राएलराव म्हणत, "सरव्याच्या दाण्याचं प्रभूच्या मेजावर काय काम?" बाबा म्हणाले, "तिनं वेचला, तो तिचा." बाबांचा शब्द मोडवेना, म्हणून पंचांनी येत्या रविवारचा मान तिला दिला. पण एवढे बजावून ठेवले, की काही चुकले तर या घराला पुन्हा मान नाही.

रविवारी पहाटे उठून सरूबाईने सात भाकरी थापल्या. होते नव्हते ते सगळे पीठ संपले. टोपलीवर धुतलेले फडके घालते, तोच दारात माणसे उभी राहिली. म्हातारा, मुलगा, सून, तीन लेकरे आणि एक गाढव. झिजलेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावत गावोगाव फिरणारे पाथरवट होते ते.

म्हातारा म्हणाला, "आई, दोन दिस पोटात काही न्हाई. वरच्या आळीत मागितलं, तर आज उपासना हाय, पुढं व्हा म्हणाले."

वरच्या आळीत चर्चला येणारे घर एकच, इस्राएलरावांचे. सरूबाई टोपली धरून उभीच राहिली. दिल्या तर मान गेला, तोही कायमचा. लेकरे काही मागत नव्हती, टोपलीकडे बघतही नव्हती. तेच तिला सोसवेना. "बसा," ती म्हणाली आणि वाढू लागली.

सगळे पोटभर जेवले. म्हाताऱ्याने शेवटच्या भाकरीतला चतकोर तेवढा टोपलीत परत ठेवला. "टोपली रिकामी करून उठायचं न्हाई, अशी रीत हाय आमच्यात," म्हणाला, आणि ती माणसे ओढ्याच्या वाटेने निघून गेली.

थोड्या वेळाने इस्राएलराव भाकरी न्यायला आले. टोपलीत डोकावून हसले. "वा सरूबाई! प्रभूचं जेवण गाढववाल्यांना घातलंस होय? चल, आता हा चतकोर घेऊन चल. मंडळीला बघू दे तुझा मान."

बाई मान खाली घालून चर्चमध्ये गेली. बाबांनी विचारले, "बाकीची कुणी खाल्ली?"

"पाहुण्यांनी, बाबा. उपाशी होते."

"मग ती प्रभूला पोचली," बाबा म्हणाले. "राहिली ती इकडं आण."

दीडदोनशे माणसे होती. बाबांनी आभार मानले आणि चतकोर मोडायला घेतला. इस्राएलराव मुद्दाम रांगेच्या शेवटी उभे राहिले. भाकर कुठे संपते ते त्यांना बघायचे होते. म्हातारीकोतारी झाली, बायाबाप्ये झाले, लेकरे झाली. ज्याला त्याला पुरता घास मिळाला. शेवटी इस्राएलरावांच्या तळहातावरही तेवढाच घास आला. त्यांनी ताटात पाहिले. चतकोर होता तसाच होता! कडेला तव्यावर करपलेला डाग, तोही तोच. सरूबाईने ओळखला.

बाबा म्हणाले, "हा चतकोर त्या पाहुण्यांचा. कोण नेऊन देतं?"

इस्राएलरावांनी बाबांच्या पायांवर डोके ठेवले. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या दारात कुणी उपाशी आलं नव्हतं, पंच. तुमच्या दारात आलं होतं."

इस्राएलराव उठले. घास तसाच मुठीत होता. सरूबाईपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलो, बाई. कुठल्या वाटेनं गेले?"

"ओढ्याकडं," ती म्हणाली आणि चतकोर आपल्या फडक्यात बांधून तिने त्यांच्या हाती दिला.

दुपारी इस्राएलराव त्या पाथरवटांना घेऊन परत आले. गाढवाची दोरी त्यांच्याच हातात होती. वरच्या आळीतल्या त्या घरापुढे म्हाताऱ्याला ओट्यावर बसवले, घरातून पाण्याचा तांब्या आणला, आणि गावादेखत इस्राएलराव त्याचे पाय धुवायला खाली वाकले.