चिताऱ्याची गुलाबी मडकी

एका राजधानीच्या गावात, नाव विचारू नका, हैबती नावाचा एक चितारी होता. त्यानं राजवाड्याच्या भिंतीवर नदी रंगवली, तेव्हापासून दरबारी मंडळी त्या भिंतीजवळून धोतर वर धरून जात. प्रधानजींना तर तिथून आल्यावर सर्दीच झाली. निदान राजासमोर तरी झाली.

हैबतीला आधी गंमत वाटली, मग शंका आली. चित्राला कुणीही वाहवा म्हणेल. पण मडकं? पाणी राहिलं तर राहिलं, गळलं तर गळलं. तिथे कोण खोटं बोलणार? आपल्या हातात खरंच काही आहे का, एवढं त्याला मरायच्या आत कळायला हवं होतं. त्यानं कुंचले धुऊन ठेवले आणि गावच्या कुंभाराच्या चाकावर जाऊन बसला.

मडकी घडली देखणी. पण अर्धवट भाजलेल्या मातीला गुलाबी झाक असते, आणि तिच्यावर चिताऱ्याचा जीव. भट्टीतला आवा पुरता भाजायच्या आधीच तो मडकी बाहेर ओढी. कुंभार बघे आणि म्हणे, "हात बसला बुवा तुमचा." राजाच्या माणसाला शिकवणार कोण?

मडकी घरोघर भेट गेली. हैबती विचारी, "पाणी कसं राहतं?" लोक म्हणत, "दात वाजतात." प्रधानजी तर भर वैशाखात शाल पांघरून आले. म्हणाले, "तुमच्या माठातलं घोटभर प्यालो, तेव्हापासून हुडहुडी जाईना."

एके दुपारी बायको सगुणा शेजारी गेली होती, म्हणून हैबती स्वतः पाणी घ्यायला स्वयंपाकघरात शिरला. जन्मात पहिल्यांदा. घडवंचीवर त्याचा गुलाबी माठ होता आणि माठात कांदे होते. पाणी कोपऱ्यात होतं, बाजारातून आणलेल्या काळ्या मडक्यात.

तेवढ्यात सगुणा आली. "गळतात तुमची," ती म्हणाली. "आपल्याकडेच नाही, सगळ्यांकडे कांदेच आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की एकदा. राजाच्या घोड्याला तुम्ही पाच पाय काढले होते. दरबार म्हणाला, भरधाव घोडा तसाच दिसतो. मी मोजून सांगितलं, तर मला दोन वर्षं माहेरी बसवलंत."

हैबतीनं नवा माठ घडवला. इतकं मन लावून त्यानं नदीही रंगवली नव्हती. गुलाबी रंग चढला तसा बाहेर काढला, घरी आणला आणि आपल्या हातानं पाणी भरलं. जेवणं होईस्तोवर खालची जमीन ओली झाली.

त्यानं कुंभाराला बोलावून दाखवलं. कुंभार म्हणाला, "गळत नाही बुवा ते. मडक्याला घाम येतो. उन्हाळा किती आहे."

मग हैबतीनं बायकोपुढे हात जोडले. "सगुणे, काय चुकतंय तेवढं सांग. मी काही म्हणणार नाही."

सगुणेच्या माहेरचं परसदार कुंभारवाड्याला लागून होतं. त्या दोन वर्षांत तिनं किती आवे भाजताना पाहिले होते. रंग बघूनच तिला कळलं होतं.

तिनं पदर खोचला, फडकं घेतलं आणि माठाखालचं पाणी पुसू लागली.

"काही चुकत नाही हो," ती म्हणाली. "छान आहे. जमीन गार राहते."

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला एकदा घराबाहेर काढलं, की पुढे हात जोडले तरी कानावर 'छान'च पडतं.