पाटीवरचा पुसलेला रकाना

माळाच्या कडेला एक बाजारगाव होतं आणि त्या गावच्या शाळेत ढोबळेबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. शाळा सातवीपर्यंतच. बाई सातवीला गणित शिकवायच्या. स्वभावाने तापट, पण पोरं त्यांच्या रागाला घाबरत नसत, कारण बाई उगाच कधी चिडत नसत.

एका वर्षी बाईंच्या मनाने घेतलं, की सातवीच्या पोरांना वर्तमानपत्रातलं शेअरबाजाराचं पान वाचता आलं पाहिजे. मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "शेळ्या राखणाऱ्यांच्या पोरांना शेअर कशाला?" बाई म्हणाल्या, "घ्यायला नाही, सर. वाचायला. जो आकडा वाचता येत नाही, त्याच्यापुढे माणूस उगाच मान तुकवतो."

मग शेवटच्या तासाला ते पान फळ्यावर उतरू लागलं. पहिल्या रकान्यात कंपनीच्या नावाचं आखूड रूप, घरी दत्तात्रयाला दत्तू म्हणतात तसं. पुढे शेवटच्या सौद्याचा भाव. मग दिवसातला सर्वांत चढा भाव आणि सर्वांत उतरलेला. आणि अगदी कडेला, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही तिथे, किती शेअरांची देवघेव झाली तो आकडा. भाव वाढलेला दिसला की पोरं खूश व्हायची, जणू कंपनी त्यांच्या मामाची. बाई टेबलावर पट्टी आपटायच्या. "भाव नंतर. आधी कडेचा रकाना बघा. एवढ्या मोठ्या बाजारात किती जणांनी हा भाव मान्य केला, ते आधी कळू दे."

वर्गात चंपा गोफणे नावाची मेंढपाळाची मुलगी होती. बाईंनी एकदा विचारलं, "एका कंपनीचा भाव दुप्पट झाला, पण देवघेव झाली फक्त दोन शेअरांची. काय समजायचं?" चंपा म्हणाली, "एकाच घरातल्या दोघांनी आपसांत केलं असंल, बाई. बाकीच्या बाजाराला पत्ताच नसंल." बाईंनी तिला उचलून पुढच्या बाकावर बसवलं. ही मुलगी आठवीला तालुक्याला गेलीच पाहिजे, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. चंपाची आई हौसाबाई हिनेही ठरवलं होतं. चंपाचा बाप वारलेला, पण हौसाबाईने तीन बोकड पोटच्या पोरासारखे वाढवले होते. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की बोकडाला भाव येतो. तेव्हा ते विकायचे आणि वसतिगृहाचे पैसे भरायचे, असा तिचा साधा हिशेब होता.

आता या गावच्या बाजाराची रीत सांगितली पाहिजे. दर मंगळवारी तिथे शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरे आणि सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि विकणारा हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवत. तोंडाने आकडा उच्चारायचा नाही. शेजारच्या खुंट्याचा बोकड कितीला गेला, हे विकणाऱ्याला कधीच कळत नसे. दलालाला मात्र सगळं कळे, कारण प्रत्येक रुमालाखाली एक हात त्याचाच असे. आणि गंमत अशी, की नागवलं जाणारं गाव या रितीचा अभिमान बाळगून होतं. आमच्या बाजारात आरडाओरडा नसतो, असं लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

सातवीच्या पोरांना हे खुपू लागलं. शेअरबाजाराचं पान असतं, मग शेळीबाजाराचं का नाही? बाजार उठताना पोरं दारात उभी राहत आणि विचारत, "मामा, कितीला दिली?" पोरांपासून काय लपवायचं, म्हणून लोक सांगून टाकत. शाळेच्या भिंतीशी एक पाटी उभी राहिली. 'उबो' म्हणजे उस्मानाबादी बोकड, 'संशे' म्हणजे संगमनेरी शेळी. पुढे शेवटचा भाव, चढा भाव, उतरलेला भाव, आणि कडेला किती जनावरं विकली तो आकडा. महिनाभरात माणसं आधी पाटी वाचून मग रुमालाखाली हात घालू लागली. दलालांची बोटं आखडली.

दलालांचा म्होरक्या होता अंकुशराव भालसिंग. शाळा समितीचा अध्यक्षही तोच. गावाला वाटलं, आता हा पाटी फोडणार. पण अंकुशराव शाल आणि नारळ घेऊन शाळेत आला. पोरांसमोर बाईंच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाला, "बाई, तुमी गावाचं नाव काढलं. ही पाटी भिंतीला कशाला कुजवायची? बाजाराच्या दारात मी मोठी पत्र्याची पाटी लावून देतो. पोरांनी धुळीत हिंडायचं न्हाई, माझा माणूस भाव आणून देईल. अक्षर मात्र पोरांचंच पायजे. लोकांचा त्यांच्यावर भरवसा हाय." मग जाता जाता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आन् तेवढा कडंचा रकाना काढून टाका. आकड्यांची नुस्ती गर्दी हुती. शेवटचा भाव दिसला म्हंजे बास."

पट्टी आपटायची वेळ ती होती. बाईंनी आपटली नाही. खांद्यावर शाल होती, समोर पोरं टाळ्या वाजवत होती, आणि इतक्या वर्षांत गावाने त्यांना चांगलं म्हणण्याची ही पहिलीच खेप होती. बाई म्हणाल्या, "बरं." चंपाने हात वर केला. "बाई, तो रकाना तर पयला बघायचा असतो ना?" बाई म्हणाल्या, "ते वर्गात. पाटीवर सुटसुटीत बरं दिसतं." एकच गोष्ट वर्गात खरी आणि दारात गैरसोयीची, असं म्हणणाऱ्या मास्तरणीने खडू खाली ठेवावा आणि घरी जावं. पण बाईंना तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही नसतं.

चैत्र लागला. जत्रा सुरू झाल्या. बोकडाचा भाव चढायला हवा होता. पाटीवर तो उतरू लागला. चंपाचं अक्षर सगळ्यांत टपोरं, म्हणून पाटी तीच लिहायची. मंगळवारी सकाळी अंकुशरावाचा माणूस चिठ्ठी आणून देई आणि चंपा पत्र्यावर आकडा काढून शाळेत पळे. त्या मंगळवारी तिने 'उबो'पुढे चार हजार लिहिलं. घटकाभराने हौसाबाई आपले तीन बोकड घेऊन बाजारात आली. दलालाने रुमाल झटकला, पण हात पुढे केला नाही. पाटीकडे बोट दाखवलं. "मी कशाला भाव सांगू? तुझी पोरगीच सांगतीया."

हौसाबाईला प्रत्येकाचे सात हजार तरी येतील असं वाटलं होतं. तिने पाटी पुन्हा पाहिली. लेकीचं अक्षर तिला लांबूनही ओळखू येत होतं. तिने तिन्ही दावी दलालाच्या हातात दिली.

वसतिगृहाचे पैसे भरायची मुदत सोमवारी संपली. मंगळवारी सकाळी बाईंनी चंपाला विचारलं, "भरले ना गं पैसे?"

"न्हाई, बाई. पुरलं न्हाईत. आईनं पाटीच्या भावाला दिलं."

वर्ग तसाच सोडून बाई तडक बाजाराच्या दाराशी गेल्या. अंकुशरावाचा माणूस यशवंता तिथेच उभा होता, सकाळची चिठ्ठी अजून त्याच्या हातात होती. चिठ्ठीवर चार हजारच होते. बाईंनी विचारलं, "आज बोकड किती विकले गेले?"

यशवंता भोळा होता. म्हणाला, "अजून बाजार कुठं उघडलाय, बाई? येकच गेला. लंगडा हुता."

"कोणी विकला?"

"आमच्या शेटनी."

"आणि घेतला कोणी?"

"शेटच्या पुतन्यानं. दर मंगळवारी त्योच घितो. बोकड बी त्योच असतो."

बाजाराच्या मागच्या अंगाला शहरातले टेम्पो उभे होते. खाटीक दलालांना गेल्या बाजारात घेतलेल्या एकेका बोकडाचे सात-साडेसात हजार मोजून देत होते. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांना असा राग आला, की पायाखालची वाट दिसेना. अंकुशरावाचा राग आलाच. तो कुणालाही आला असता. पण एवढे मंगळवार नुसता भाव समोर असूनही जिने कडेचा आकडा विचारला नाही, त्या बाईचा, म्हणजे स्वतःचाच, त्यांना त्याहून जास्त राग आला.

त्यांनी सातवीचा सगळा वर्ग बाजाराच्या दारात बोलावला. पत्र्यावर चार हजार आधीच चढले होते. बाईंनी चंपापुढे खडू धरला. "कडेला रकाना आख. वर लिही, किती विकले. खाली लिही, एक."

चंपाने हात मागे घेतला. "मी न्हाई लिवणार, बाई. तुमी लिवा. तुमीच पुसला हुता."

भोवती माणसं जमली होती. बाईंचे कान तापले. पण त्यांनी तो खडू दुसऱ्या कुणाला दिला नाही. स्वतः रकाना आखला आणि त्यात भला मोठा एकचा आकडा काढला. मग वळून, वर्गात बोलायच्या त्याच आवाजात, तो एक बोकड कुणी कुणाला विकला हे बाजाराला सांगितलं.

अंकुशराव धावत आला. "बाई, भाव खोटा हाय का? चार हजाराला इकला का न्हाई? सांगा लोकांना, खोटा हाय का?"

"खोटा असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "खोटं पोरांनी लिहिलं नसतं. तुम्ही त्यांच्याकडून खरं लिहून घेतलंत आणि त्याच्या जोरावर आयाबायांना लुटलंत. लांडग्यालाही लाज वाटेल, अंकुशराव."

"समितीत बघतो तुमच्याकडं."

"बघा. मी तिथेही हेच सांगणार आहे, आणि मी कशी गप्प बसले तेसुद्धा."

बाजारात मग एक न पाहिलेली गोष्ट घडली. विकणाऱ्यांनी रुमालाखालचे हात एकेक करून बाहेर काढले. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. आपापल्या जनावराचं दावं धरून लोक टेम्पोंकडे चालू लागले. दुपारपर्यंत पाटीच्या कडेला मोठा आकडा झाला आणि 'उबो'पुढे सात हजारांच्या वर भाव लागला. म्हातारी माणसं येऊन बाईंच्या पाया पडू लागली. बाईंनी पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या तालुक्याला गेल्या. वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलीला दिली गेली होती. त्यांनी विनवलं, भांडल्या, टेबलावर हात आपटला. जागा ती जागा. परत येऊन त्या हौसाबाईच्या दारात उभ्या राहिल्या आणि झालं ते सांगितलं. बोकडांचे राहिलेले पैसे आपण देतो म्हणाल्या.

हौसाबाई शेण थापत होती. ती उठली नाही. म्हणाली, "पैसं नकोत, बाई. त्या दलालाला मी काय बोलू? त्यो मला फसवणारच, हे मला जलमापासनं ठावं हाय. त्याच्यापुढं मी सावध व्हते. तुमच्यापुढं न्हवते."

बाई आल्या वाटेने परत फिरल्या.

त्या वर्षी चंपा तालुक्याला गेली नाही. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा ती दुसऱ्यांच्या शेळ्या घेऊन माळावर जाऊ लागली. शाळेची वाट माळावरूनच जात होती. बाई दिसल्या की चंपा थांबून नमस्कार करी. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना त्या सोसल्या असत्या.

तात्पर्य: नुसता खरा भाव ऐकून भुलू नये, तो किती जणांच्या देवघेवीतून ठरला हे आधी विचारावं, आणि ज्याने लोकांना हे विचारायला शिकवलं, त्यानेच शालीच्या उबेत तो प्रश्न पुसून टाकला, तर त्याचा अपराध लबाडापेक्षाही मोठा, कारण लबाडापुढे लोक निदान सावध तरी असतात.