सटवाची खोटी दवंडी

फार वर्षांपूर्वी, खडकओहोळ गावात घड्याळ नव्हतं, त्यामुळे सगळे वेळेवर येत. कागदही नव्हता, म्हणून गावाचा सगळा भरवसा दवंडीवर. दवंडी पिटली म्हणजे गोष्ट घडली, आणि पिटली नाही म्हणजे घडली नाही. एकदा पाटलाच्या मुलाचं लग्न परगावी लागलं आणि नेमकं तेव्हा दवंडीवाल्याला गालगुंड झालं. मग नव्या सुनेला गावाने आठ दिवस पाहुणीच धरलं. तिला कोणी भांडं घासू दिलं नाही की पाणी भरू दिलं नाही. त्या सुनेचं नाव चिमाक्का. पुढे ती पाटलाची आई झाली, म्हातारी झाली, पण ते आठ दिवस विसरली नाही, असं म्हणतात.

त्या दवंडीवाल्याचा मुलगा सटवा. तो वेशीत उभा राहून ‘ऐका हो ऐका’ म्हणाला की ओढ्यापलीकडच्या तीन गावांतली गुरं माना वर करत आणि आमराईत पाडाला आलेले आंबे खाली पडत. उन्हाळ्यात म्हणून त्याला आमराईकडे फिरकू देत नसत, असं म्हणतात. सात पिढ्यांत त्या घराची एकही दवंडी खोटी पडली नव्हती. पडली तर हलगी देवळात ठेवायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही, असा गावाचा नियम. सटवाला बायको नव्हती, शेत नव्हतं. हलगी होती.

एका मंगळवारी बाजार उठल्यावर त्याला चिंचेखालच्या कोरड्या विहिरीतून कण्हणं ऐकू आलं. दोर बांधून तो खाली उतरला आणि आपल्या धोतरात गुंडाळून एक कुत्रा वर घेऊन आला. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला, पोटात नारळाएवढी गाठ. धोतर कुत्र्याला गेल्यावर सटवा घरी कसा गेला हे अर्ध्या गावाने पाहिलं, पण त्याची दवंडी झाली नाही, म्हणजे ते घडलं नाही.

मोरभट वैद्यांनी कुत्रा काठीभर अंतरावरून तपासला. मोरभटांच्या औषधांबद्दल गावात दोन मतं होती, पण मरणाची तारीख ते अचूक सांगत. पुढचा बाजार हा काही बघत नाही, असं सांगून त्यांनी ओट्याच्या पायऱ्यांवरच हात धुतले.

आता खडकओहोळची एक रीत होती. जो जायला निघाला त्याला घराघरातून त्याच्या आवडीचा घास जायचा. त्याला निरोपाचा घास म्हणत. पण दवंडीशिवाय घास कसा जाणार? सटवाने विचार केला, जन्मभर उकिरड्यावर जेवलेला जीव आहे, आठ दिवस तरी ताटातलं खाऊ दे. त्याने हलगी काढली आणि गावभर सांगून आला, की सटवाच्या दारचा कुत्रा पुढच्या बाजाराच्या आत जाणार हो, निरोपाचा घास पाठवा हो.

गाव आधी हसलं. पण दवंडी ती दवंडी. कुत्र्याला काय आवडतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकीने आपल्या घरात सगळ्यात चांगलं जे होतं ते पाठवलं. खरवस आला, तुपातला भात आला, लोणी लावलेलं थालीपीठ आलं. काही नवरे जेवणाच्या वेळी सटवाच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. आठच दिवसांचा सोबती म्हणून पोरांनी कुत्र्याचं नाव ठेवलं आठवड्या.

आठवड्या शुक्रवारी शेपूट हलवू लागला. रविवारी त्याने मोरभटांची शेळी ओढ्यापर्यंत पिटाळली. गाठ होती तिथेच होती, पण आठवड्याला तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

आणि सोमवारी गावाच्या लक्षात आलं, की कुत्रा मेला नाही तर दवंडी खोटी पडणार.

पाटलाने चावडीवर सांगितलं, की आपल्याला वाईट वाटतं, पण नियम तो नियम. दुपारी मोरभट एक पुडी घेऊन सटवाकडे आले. त्यांची तारीखही पणाला लागली होती.

“दह्यातून दे,” ते म्हणाले. “झोपेत जाईल बिचारा. नाहीतरी तो जायचाच आहे.”

“तसे तुम्हीही जायचेच आहात, वैद्यबुवा,” सटवा म्हणाला. “तुम्हाला दही आवडतं का?”

वैद्यबुवा पुडी घेऊन परत गेले. सटवा मात्र हलगी मांडीवर घेऊन बसून राहिला. तिच्या कडेला त्याच्या बापाच्या बोटांचे खळगे पडले होते, आणि आता त्यांत त्याची बोटं बसत. ही उद्या देवळात गेली की आपण कोण, हे त्याला काही केल्या सुचेना. तेवढ्यात आठवड्या आला, त्याने हलगी हुंगली आणि तिच्यावर हनुवटी ठेवून झोपी गेला. मांडी बधिर झाली तरी सटवा हलला नाही.

मंगळवारी भर बाजारात सटवा पारावर चढला. मागोमाग पोट सावरत आठवड्या. ओरडून विकणारे थांबले आणि घासाघीस करणाऱ्या बायकाही थांबल्या. बायका थांबल्या असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

“ऐका हो ऐका,” सटवा म्हणाला. “सात पिढ्यांची दवंडी माझ्या हातून खोटी पडली हो. आठवड्या जाणार म्हणून सांगितलं होतं. आठवड्या आहे हो. अजून आहे.”

ते शेवटचे दोन शब्द असे निघाले की चिंचेवरचे बगळे उडाले, ओढ्यापलीकडच्या गुरांनी माना वर केल्या आणि कोरड्या विहिरीला पाणी लागलं, असं म्हणतात. पाण्याचं नक्की सांगता येत नाही, पण बगळ्यांचं खरं आहे.

पाटील घसा खाकरत पुढे झाला. काम झालं असेल तर हलगी देवळात ठेव, म्हणाला. तेवढ्यात गर्दीतल्या एका खाटेवरून आवाज आला. खाटेवर चिमाक्का होती. मोरभटांनी तिला शिमग्याची तारीख दिली होती, आणि तेव्हापासून ती पडल्या पडल्या निरोपाचे घास गिळत होती. आज कुत्रा बघायचा हट्ट धरून तिने चौघांकडून खाट बाजारात आणवली होती.

“काम कुठं झालंय रे,” ती मुलाला म्हणाली. “सटवा, माझंही सांग. चिमाक्का आहे म्हणावं.”

सटवाने पाटलाकडे पाहिलं. पाटलाने आईकडे पाहिलं. त्या माउलीसमोर नियम सांगेल असा पाटील खडकओहोळात जन्मायचा होता. हलगी वाजली. चिमाक्का आहे हो, अजून आहे. ते ऐकून चिमाक्का खाटेवर उठून बसली आणि तिने भजी मागितली.

मग दमेकरी कुंभार आला, दोन्ही डोळे गेलेला सुतार आला. मग धडधाकट माणसंही रांगेत उभी राहिली, कारण आपण आहोत असं कोणी मोठ्याने सांगितलेलं कोणाला नको असतं? रांग ओढ्याला जाऊन भिडली. सगळ्यात शेवटी, इकडेतिकडे बघत, मोरभट उभे होते. दिवस मावळला तरी रांग संपेना, तेव्हा पाटलाने निवाडा दिला, की काम पुरं झाल्यावर सटवाने हलगी देवळात ठेवावी. ते काम अजून पुरं झालेलं नाही.

आठवड्या त्यानंतर एकतीस बाजार जगला. काही जण शंभर म्हणतात, पण ते तुपातल्या भाताबद्दलही वाढवूनच सांगतात. गाठ वाढत गेली. शेवटी शेवटी त्याला चालवेना, तेव्हा सटवा त्याला खांद्यावर घेऊन दवंडी देई. मग एका दुपारी, ओट्यावरच्या उन्हात, हलगीवर हनुवटी ठेवून तो निजला तो निजला. सटवाने त्याला चिंचेखाली पुरलं. पुढच्या मंगळवारी गाव पाराभोवती जमलं. सटवाने एकेकाचं नाव घेतलं, पण आठवड्या गेल्याची दवंडी पिटली नाही. कोणी विचारलंही नाही. बऱ्याच वर्षांनी सटवा गेला, तेव्हा त्याची दवंडी कोणी पिटायची असा प्रश्न आला. प्रत्येकाने हलगी शेजाऱ्याच्या हातात दिली. ती गावभर फिरून पुन्हा सटवाच्या ओट्यावर आली. म्हणजे गावाच्या कायद्याने दोघंही आहेत.

आता बाजारात कर्णे लागलेत, तरी मंगळवारी आधी हलगी वाजते. पहिला पुकारा आठवड्याचा, दुसरा सटवाचा, मग गावातल्या सगळ्या आजाऱ्यांचा. आहे हो, अजून आहे. मरायला टेकलेला कुत्रा कुठे सापडला तर कोणीतरी त्याला ‘बाजारापर्यंत’ म्हणून घरी नेतो. कोणत्या बाजारापर्यंत, हे विचारायची रीत नाही. त्याला घराघरातून घास जातो, आणि ज्याच्या दारी तो असेल, हलगी वाजवायचा मान त्याचा.

मागे खानेसुमारीला एक कारकून आला होता. लोकांनी त्याला सटवाचंही नाव सांगितलं, दारी कुत्रा आहे म्हणूनही सांगितलं. तो घर शोधत चिंचेपर्यंत गेला, तिथे बराच वेळ सावलीत बसला. मग शेऱ्याच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घरी भेटले नाहीत. पुन्हा यावे लागेल.’