लुकेर्याआजीचा खालचा आवाज

देवाशप्पथ, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतः दाराशी उभा होतो. म्हणजे, नव्हतो. माझी मजल बेळगावपुढे कधी गेली नाही, आणि ही गोष्ट रशियातल्या एका थंडगार खेड्यातली. पण ज्याने मला सांगितली तोही तिथे नव्हता. तेव्हा खोटं बोलायचं कारण दोघांपैकी कुणालाच नव्हतं.

तर...

"आजी, एवढं एकच सांगा. हे गाणं तुमचंच आहे की नाही?"

विचारणारा जखार. शहरातला नावाजलेला गवई, मागे नऊ जणांचा ताफा. खेड्यापाड्यांतली जुनी गाणी उचलायची, त्यात रॉकची गिटार आणि पंकचा आरडाओरडा घालायचा, आणि खाली स्काचा ठेका. म्हणजे तो जमैकाकडचा, म्हाताऱ्यालाही टुणटुण उडवणारा. वर चार ट्रम्पेट. लोक असे उड्या मारत, की एकदा म्हणे मैदान वीतभर खचलं.

आठ वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात बसून त्याने लुकेर्याआजीकडून सासरी निघालेल्या मुलीचं एक गाणं रेकॉर्ड करून नेलं होतं. तेच आता त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. मुलाखतीत तो छाती काढून सांगे, "शंभर वर्षांपूर्वी होतं तसंच आहे. एक सूर इकडचा तिकडे नाही. फक्त कपडे नवे घातलेत."

पण हल्ली काही जाणकार म्हणू लागले होते, की पोराने गाण्याचं पार वाटोळं केलं. उद्या तालुक्याच्या गावी जलसा होता. आजीने स्टेजवर येऊन 'हे आमचंच' एवढं म्हटलं, की सगळ्यांची तोंडं बंद.

"ऐकव तर," आजी म्हणाली.

जखारने फोनवर गाणं लावलं. ट्रम्पेट सुटले तसं खिडकीतलं मांजर जे पळालं, ते तीन दिवस घरी आलं नाही. आजी मात्र हलली नाही. तिचा पाय ठेका धरू लागला. जखार मनात म्हणाला, जिंकलं!

गाणं संपलं.

"बरी वाजवतात की रे पोरं."

"मग? तुमचंच ना?"

"माझंच आहे. पण यात मार्फा कुठं आहे?"

"कोण मार्फा?"

"माझी जाऊ. गाणं ती म्हणायची, मी खालून आवाज धरायची. आमच्यात एकटीनं गातात होय? तू आलास, त्याच्या आदल्याच हिवाळ्यात गेली ती."

"पण... तुम्ही तर पुरं गाणं म्हणालात!"

"माझा वाटा पुरा म्हटला. तू म्हणालास, गा. गायले. आणखी कोण गातं, ते कुठं विचारलंस?"

...

जखारला तो दिवस आठवला. शेवटची बस गाठायची होती, लक्ष सारं घड्याळाकडे. आजी मध्येच थांबायची, मान वर करायची. त्याला वाटलं, म्हातारी विसरली. त्या रिकाम्या जागा त्यानेच मग शहरात बसून कापल्या होत्या. एक न् एक.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नवरी घरी ठेवून करवलीलाच तो आठ वर्षं घोड्यावर मिरवत होता. आणि वर जगाला सांगत होता, हीच नवरी!

आजीला मात्र हसू आवरेना.

"मार्फा मला हिणवायची, 'तुझं काय गं, तू नुसता टेकू.' आता बघ म्हणावं! हजार माणसं टेकूवर नाचतायत!"

ती रागावली असती तर तो भांडला असता. या हसण्याशी कसं भांडणार? त्याने मान खाली घातली. रडला मात्र नाही.

"उद्या मी ते गाणं वाजवत नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. सगळ्यांना सांगतो, मी खोटं बोललो."

"सांग की. सांगायलाच हवं. पण वाजवायचं कशाला सोडतोस? माझ्या आवाजानं तुझं काय घोडं मारलं?"

"मग मला मार्फाबाईंचा आवाज शिकवा. जसाच्या तसा घेतो."

आजीने तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं.

"कानात आहे रे," ती म्हणाली. "गळ्यात नाही."

...

मग ती उठली. तिकडच्या बायका खांद्याला खांदा लावून गातात, तशी भिंतीशी उभी राहिली. जखार मुकाट्याने तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. तिने त्याला दंडाला धरलं आणि एक माणूस मावेल इतकं बाजूला सरकवलं.

गाऊ लागली.

इथे एक कबूल करून टाकतो. 'रडला मात्र नाही' असं वर लिहिलं, ते मी रचलेलं. मांजराचं विचाराल, तर ते खरं आहे.

"आजी, वर तर कुणीच नाही," तो नाक पुसत म्हणाला. "नुसतं खालचं काय गायचं?"

"तू सूर धर," आजी म्हणाली. "मार्फाला नेहमीच उशीर व्हायचा."